नव्या खड्ड्यातली मादी

पॉप्लर रिज, मॅनिटोबा
११ सप्टेंबर

मायरन,

तुझ्या वकिलाने कळवलंय की यापुढे तुझ्याशी काही बोलायचं असेल तर कंपनीच्या ईमेलवर बोलावं. ते ईमेल कोण कोण वाचतं कोण जाणे. पत्र मात्र फक्त पोस्टातली इर्मा वाचते, तेही पाकीट खिडकीतल्या उजेडाला धरून, आणि ती माझ्या बाजूची आहे. म्हणून पत्र.

काल तुझी माणसं येऊन गेली. चौघंजण, अंगात कंपनीची पिवळी जाकिटं, हातात नवेकोरे मोजे आणि उशांचे अभ्रे. अभ्रे बघून मला जरा बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारात तू माझ्याकडून दुसरं काही घेतलं नसशील, पण साप न्यायचा तर अभ्र्यातून, हे घेतलंस. दिवसभर जुन्या खड्ड्याच्या काठावर बसून त्यांनी परतणारे साप उचलले. उन्हाळाभर दलदलीत बेडूक खाऊन गुबगुबीत झालेले, घरी निघालेले साप. पोटाच्या खवल्यांना ओळखीसाठी तुझी ठरलेली खाच पाडली, अभ्र्यात कोंबले आणि सहा मैलांवर जेसीबीने उकरलेल्या नव्या खड्ड्यात नेऊन सोडले. एकाने मला विचारलं, "बाई, चावतो का हो?" म्हटलं, चावतो, पण विष नाही त्याला. विषाचं खातं आमच्यात दुसऱ्याकडे आहे.

अहवालात तू याला 'पुनर्वसन' म्हटलंयस. छान शब्द. ज्याला उठवायचं त्याला विचारायचं नाही, एवढी एकच अट असते त्या शब्दाची.

गावाला सगळं पटवून झालंय म्हणा. जुन्या खड्ड्याखालचा चुनखडक कंपनीला हवा आहे. खाण सुरू झाली की खड्ड्याला पहिला सुरुंग. कौन्सिलने अट घातली आहे: उचलून नेलेले साप नव्या खड्ड्यात हिवाळा काढून वसंतात जिवंत वर आले आणि तिथेच त्यांच्या जोड्या जमल्या, तर जुना खड्डा कंपनीचा. नाही जमल्या, तर खाण नाही. ही अट वाचून दाखवताना सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला प्रसाद वाटला. ती अट तूच लिहून दिलीस हे मला नंतर कळलं. परीक्षा आपणच द्यायची, पेपरही आपणच काढायचा आणि तपासायचाही आपणच. हुशार आहेस. होतासच.

माझं म्हणणं लिहून ठेवते, म्हणजे पुढे तू म्हणायला नको की थोरा बोललीच नव्हती. हे साप पिढ्यान् पिढ्या त्याच भोकातून खाली जातात. इथे जमीन माणूसभर खोल गोठते, आणि गोठलेल्या जमिनीच्याही खाली जाणारी वाट त्यांना ठाऊक आहे. तुझा खड्डा त्यांना ठाऊक नाही. जे जाऊ शकतील ते परत निघतील. तू घातलेलं पत्र्याचं कुंपण कंपनीने खर्च वाचवायला आठवड्याभरात काढलं नाही तर माझं नाव बदल.

आणि एक. काल तूही नव्या खड्ड्यावर येऊन गेलास नि आपल्या आईच्या दारात गाडी थांबवली नाहीस. ती दिवसभर खिडकीत बसून होती. मी म्हटलं, आई, कामात असेल. तर म्हणाली, "त्याने बायको सोडली, मी सून सोडली नाही. तेवढ्यावरून रुसलाय. रुसू दे. लहानपणी बीटचं सार पुढे ठेवलं की असाच रुसायचा."

थोरा


३ नोव्हेंबर

मायरन,

कुंपण नवव्या दिवशी काढलं. माझं नाव तेच राहिलं.

परवा सकाळी आईचा फोन. "पोरी, तुझे नातेवाईक आलेत माझ्याकडे. ये, घेऊन जा." दर शरद ऋतूत तिच्या घराच्या पायात चार-दोन साप शिरतात, झाडूने त्यांना दोन शिव्या आणि एक धपाटा मिळतो, हे तुलाही माहीत आहे. पण या वेळी मी तळघरात उतरले तर कोबीच्या पिंपांमागे, बटाट्यांच्या खणाखाली, भिंतीच्या भेगेत, जिकडेतिकडे. जाड, थोराड, सुस्तावलेल्या. एकेक उचलून शेपटी पाहिली. आखूड, झटकन निमुळती होणारी. सगळ्या माद्या. आणि जवळजवळ सगळ्यांच्या पोटावर खाच. तुझी खाच.

तुझ्या नव्या खड्ड्यापासून जुन्या खड्ड्याकडे सरळ रेघ मारलीस तर ती तुझ्या आईच्या घराच्या दक्षिण भिंतीतून जाते. माद्या घरी निघाल्या होत्या. वाटेत थंडी आली, मिळालं त्या दारात शिरल्या. नर का आले नाहीत, हे मला छातीठोक सांगता येत नाही. माझा अंदाज असा की मादी अंगाने मोठी, तिच्यात ऊब जास्त वेळ टिकते, गार दिवसातही ती चालू शकते. नर किरकोळ, तो दुपारनंतर आखडतो. अंदाज आहे, अहवाल नव्हे. अंदाजाला मी अंदाज म्हणते. तुम्ही लोक हल्ली काय म्हणता?

फोटो सोबत आहेत. वसंतात नव्या खड्ड्यातून काय वर येईल हे आत्ताच सांगते: नर येतील, माद्या येणार नाहीत. बायको तळघरात, नवरा सहा मैलांवर, आणि कागदावर दोघांचं बिऱ्हाड एक. असली बिऱ्हाडं मला ओळखू येतात.

त्या माद्यांना आता हलवणं म्हणजे मारणं. बाहेर बर्फ आहे. आईला समजावून सांगितलं. तिने जिन्यावर उभं राहून त्यांना भाषण दिलं: भाडं नको, पण जिन्यावर दिसलात तर फावडं आहे. मग मला म्हणाली, "हिवाळाभर कुणीतरी खाली असेल घरात. पोराने नाही, तर सापाने तरी सोबत करावी." हे वाक्य मी तुला दुखवायला लिहीत नाही. लिहिलं तसं झालं, एवढंच.

तुझे रबरी बूट अजून माझ्या पडवीत आहेत. आई टाकू देत नाही.

थोरा


२९ एप्रिल

मायरन,

तुझा वसंताचा अहवाल कौन्सिलकडून मिळाला. वर रंगीत चित्र, आत रंगीत आकडे. नव्या खड्ड्यावर रोज सापांचे डझनावारी गुंते, सबब 'प्रजननक्षम जोड्या प्रस्थापित'. सरपंच वॉल्टर कोस्टिकने तो अहवाल रस्त्याकडेच्या हॉटेलात मोठ्याने वाचून दाखवला म्हणतात. ऐकून तीन जणांनी खाणीवर नोकरीचे अर्ज टाकले. त्यांच्यावर मी हसत नाही. इथे पोट भरायचं तर गाय, मासा नाहीतर विनिपेगची बस, हे मलाही दिसतं.

माझ्या फोटोंना तुझं उत्तर एका ओळीचं: 'तळघरातील आढळ आकस्मिक स्वरूपाचा.' तुझ्या आईला ही ओळ वाचून दाखवली. म्हणाली, "आकस्मिक म्हणजे?" म्हटलं, सहज, ठरवून नव्हे. म्हणाली, "तोही तसाच झाला होता. म्हणून त्याला मोजलं नाही का आम्ही?"

पण माझा प्रश्न वेगळा आहे. गुंते मोजले कुणी? तुझ्या दोन पगारी माणसांनी, लाकडी कठड्यावरून, दुर्बिणीतून. खाली उतरायला कंपनीच्या विम्याची मनाई. म्हणजे गुंता सोडवून मध्ये कोण आहे हे कुणी पाहिलं नाही. गुंता दिसला की एक मादी धरली. गुंते वीस, माद्या वीस.

मायरन, ही चूक जगात दुसऱ्या कुणीही केली असती तर मी चहा पाजून समजावलं असतं. तू केलीस?

आपल्या दोघांची उमेदीची वर्षं ज्या गोष्टीवर गेली तिची तुला आठवण करून द्यावी लागतेय. वसंतात नर आधी वर येतात आणि काठावर घुटमळत बसतात. मादी वर आली की तिच्या अंगाच्या वासावर पन्नास नर तिच्याभोवती. तो गुंता. पण नुकताच जमिनीतून निघालेला, बर्फासारखा गार नरसुद्धा पहिला एखादा दिवस मादीचाच वास देतो. बाकीचे त्याच्याभोवतीही तस्साच गुंता करतात. बाहेरून दोन्हींत तिळाचा फरक नाही. हात घालून मधला साप काढावा, त्याची शेपटी बघावी, तेव्हाच कळतं.

त्या नरांना तू लबाड म्हणालास. सोंग घेऊन दुसऱ्यांना दमवतात, मग मादी गाठतात. तुझा लेख गाजला. मासिकात फोटो आला, गळ्यात साप, चेहऱ्यावर विद्वत्ता. मी म्हणाले, लबाडी कसली, गारठलेत बिचारे. गार सापाला पळता येत नाही. कावळा येतो, एक चोच मारून नेमकं काळीज काढून खातो आणि उरलेला साप तसाच टाकतो. पन्नास जणांच्या पांघरुणात शिरलं की ऊब मिळते आणि कावळ्याला दिसतही नाही. मी तापमान मोजून दाखवलं. तू म्हणालास की थर्मामीटर बायकी शंका काढतोय. त्यावर आपण जेवणाच्या टेबलावर काही वर्षं भांडलो, आणि मग सवय लागली म्हणून बाकीच्या गोष्टींवर.

तर या गुंत्यांत मध्ये कोण असू शकतं हे जगात सगळ्यात चांगलं तुला माहीत आहे. तरी अहवालाखाली सही तुझी आहे. तू कठड्यावरसुद्धा आला नव्हतास हे मला माहीत आहे. आला असतास तर आईच्या खिडकीतून गाडी दिसली असती.

थोरा


७ मे

मायरन,

काल मी नव्या खड्ड्यात जाऊन आले. फाटक उघडं होतं. म्हणजे मी उघडल्यावर उघडं होतं.

खाली उतरले, गुडघे टेकले, एकामागून एक गुंते सोडवले. हाताला साप घाबरून सोडतात ती घाण लागली, तिचा वास अजून जात नाही. तीन साबण झाले, व्हिनेगर झालं, आईने सांगितलेलं टोमॅटोचं पाणी झालं. मध्ये नर. दुसऱ्याच्या मध्ये नर. पुढच्याच्या मध्ये नर. लांब शेपटी, बुडाशी जाड, अंग विहिरीच्या पाण्यासारखं गार. एका गुंत्यात खरोखरची मादी होती. चेंगरून मेलेली. सगळ्या खड्ड्यात ती एकटी, तिचं काय होणार होतं? ती मी तुझ्या आकड्यांतून वजा करत नाही. एक मादी, मृत, लिहून घे.

म्हणजे नव्या खड्ड्यात बिऱ्हाड नाही, मठ आहे. यंदा पिल्लं नाहीत, पुढल्या वर्षी नाहीत, आणि तोवर जुना खड्डा उडालेला असेल.

पंधरा तारखेला कौन्सिल मत टाकणार आहे. हे मी त्यांना कळवायच्या आधी तुला कळवतेय. का, ते विचारू नकोस. अहवाल तुझा आहे, तूच दुरुस्त कर. 'गुंते मोजले, माद्या मोजल्या नाहीत' एवढी एक ओळ. चूक सुधारणाऱ्या शास्त्रज्ञाला कुणी फाशी देत नाही. कंपनी दुसरा शोधेल, तो इतका चांगला नसेल.

नाही केलीस तर मी करीन. गावासमोर, आईसमोर, आणि हळू आवाजात नाही.

थोरा


१६ मे

मायरन,

तू मागच्या दाराने गेलास. तुझ्या वकिलाकडे कालच्या सभेची तुझी हकिगत पोचली असेलच. ही माझी. इर्माला काल काउंटर सोडून येता आलं नाही, तिलाही वाचायला मिळू दे.

आधी तुझ्या वकिलाचं पत्र पोचल्याची पावती. मी कंपनीच्या जागेत विनापरवाना शिरले, सबब साप हाताळण्याचा माझा सरकारी परवाना रद्द व्हावा, अशी तक्रार. एक ओळ दुरुस्त करायला सांगितली होती, तू दोन पानं लिहिलीस. परवाना रद्द होईल. होऊ दे. झाला नव्हता तोवर, म्हणजे काल सकाळी, मी वॉल्टर सरपंचाला गाडीत घातलं आणि रीतसर, कंपनीच्या माणसाने फाटक उघडून दिल्यावर, नव्या खड्ड्यात नेलं. वॉल्टरला सापाची भीती आहे हे त्याने गावापासून साठ वर्षं लपवलं. काल ते कंपनीच्या माणसालाही कळलं. पण गडी उतरला. मी म्हटलं, तूच गुंता निवड, तूच मधला उचल, मी हात लावणार नाही. त्याने डोळे मिटून उचलले. सहा गुंत्यांतले सहा मधले साप त्याच्या बायकोच्या फुलाफुलांच्या अभ्र्यात गेले. गाठ त्यानेच मारली. ती वासाने फुकट गेलेली फुलं मी त्याला भरून देणार आहे.

सभागृहात पिरोगींचा गुरुवार होता, म्हणून गर्दी. तुझी आई स्वयंपाकघरात पीठ लाटून त्यात बटाटा भरत होती. माझ्या ताटलीत पिरोगी पडल्या, वर परतलेला कांदा नाही. इतरांच्या सगळ्यांच्या ताटलीत कांदा. खाण नको म्हणणाऱ्या बाईला कांदा नाही असं वाढणाऱ्या बायकांनी ठरवलं होतं. मी कोरड्या खाल्ल्या आणि आणखी मागितल्या.

तू चांगला बोललास. तुझा आवाज अजून तसाच आहे, चूक सांगतानाही खरी वाटावी असा. मग मी उठले आणि म्हटलं, डॉक्टरसाहेबांच्या अहवालाप्रमाणे गुंत्याच्या मध्ये मादी असते, सरपंचांनी स्वतः सहा आणल्या आहेत, साहेबांनी कुठलीही एक काढून सांगावं. तू मला थोरा नव्हे, 'डॉक्टर सिगमुंडसन' म्हणालास. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

तू अभ्र्यात हात घातलास. तेव्हा मी तुझ्या हाताकडे पाहत होते. तो घाबरला नाही, गोंधळला नाही. मानेमागे दोन बोटं, पोटाखाली तळवा, जसा आपण शिकलो तसा. तू शेपटीकडे पाहिलंस. मी म्हणते पाहिलंस. अंगठा तिथे फिरला, बुडाशी जाड आहे हे त्या अंगठ्याला कळलं. माझ्या डोळ्यांसमोर कळलं. आणि तू म्हणालास, "मादी."

आठ दिवस मी सगळ्या शक्यता मोजल्या होत्या. ही मोजली नव्हती.

मी म्हटलं, मग शेपटीचं बूड जरा दाबून दाखव. तू म्हणालास, सभेत ते बरं दिसणार नाही. वॉल्टर म्हणाला, "बरं दिसायचं आता राहिलंय काय? माझे हात हुंगून बघा." मी तुझ्या हातातून तो साप घेतला आणि हलकेच दाबलं, जसं आपण हजारदा केलं. बाहेर आलं. दोन. गुलाबी, काटेरी, दोन्हीकडे एकेक, कारण या प्राण्यातल्या नराला निसर्गाने जोडीने दिलंय. पहिल्या रांगेतल्या लोकांनी पाहिलं, मागच्यांनी उभं राहून पाहिलं. मग मी अभ्रा उघडून बाकीचे पाचही तसेच दाखवले, कारण एका सापावर निष्कर्ष काढायची मला सवय नाही. सगळ्यांना दोन दोन.

स्वयंपाकघराच्या दारात तुझी आई उभी होती, कोपरापर्यंत पीठ.

"मायरन," ती म्हणाली, "तुझ्या बापाकडे एकच होतं. त्याला बाई म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ह्या बिचाऱ्याकडे दोन आहेत, आणि तू त्याला बाई म्हणतोस?"

त्यानंतर जे हसू उठलं त्यात तू निघून गेलास. म्हणून तुला पुढचं माहीत नाही. हसू संपल्यावर तुझी आई तिथेच खुर्चीवर बसली. म्हणाली, "खोटं बोलताना तो डावा कान ओढतो. आज ओढला नाही. शिकला." एवढंच, आणि मग पिठाच्या हातांनीच तोंड झाकलं. हे तुला कळवायचं की नाही याचा मी सकाळभर विचार केला.

मत पडलं. चार विरुद्ध तीन. अट पुरी झाली नाही, खाणीला परवानगी नाही. वॉल्टरचं मत तुमच्या बाजूला धरलं होतंत ना? त्याचा भाचा पहिला अर्जदार. वॉल्टर म्हणाला, "नोकरी भाच्याला पुन्हा कधी मिळेल. मी डोळे मिटून उचलले होते, या माणसाने डोळे उघडे ठेवून पाहिलं." आणि हात वर केला.

थोरा


२६ मे

मायरन,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, वकिलाशिवाय. इर्माने ते पाकीट उजेडाला धरलं नाही, तसंच हातात दिलं. कठीण प्रसंगात ही बाई सभ्य होते.

तू लिहितोस, सभागृहात उजेड कमी होता. मायरन, तुला अंधारात कळतं.

तू लिहितोस, तुझ्यावर दडपण होतं, मोठं घर, नवी माणसं, या वयात पुन्हा उभं राहायचं, आणि मी समजून घ्यावं. समजून घेते. तू लिहितोस की मी हे सगळं शास्त्राच्या मासिकाला कळवू नये, निदान तुझं नाव घालू नये. आणि शेवटी तो परिच्छेद, ज्याच्यासाठी बाकीचं पत्र लिहिलंस: 'थोरा, माणूस गारठला की काहीही वास देतो, हे तूच जगाला सांगितलंस.'

सुरेख वाक्य आहे. माझंच आहे, म्हणून असेल.

उत्तर असं. त्या सापांना लबाड म्हणू नका, ते गारठलेत, हे सांगण्यात माझी अर्धी नोकरी गेली आणि अख्खं लग्न गेलं. तो सिद्धांत सापांसाठी आहे. त्यांना दुसरं पांघरूण नसतं, आणि ऊब आली की त्यांचा वास आपोआप जातो, कुणाला पत्र लिहावं लागत नाही. तुझ्यासाठी तो मी ताणणार नाही. मासिकाला लेख गेला. त्यात तुझं नाव आहे, दोनदा: एकदा अहवालाखाली, आणि एकदा हे सारं ज्याने मला पहिल्यांदा शिकवलं तो म्हणून. दोन्ही खरं आहे. एक काढायचं तर दोन्ही काढावी लागतील, आणि मी काही काढणार नाही.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. तिला काही सांगायचं असेल तर येऊन सांग. फाटकातून, पुढच्या दाराने. बीटचं सार असेल.

कंपनी अपील करणार असं इर्माने ऐकलंय. करू दे. सरकारी कचेरीतूनही कागद आला: माझा परवाना या हंगामापुरता रद्द. सापाला हात लावायचा नाही, उचलायचा नाही, मोजायचा नाही. नीट वाचला. रस्त्यावर उभं राहायचं नाही असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

तर गेले काही दिवस मी सकाळपासून हमरस्त्यावर उभी असते. जुना खड्डा रिकामा होतोय. सगळे दलदलीकडे निघालेत, आणि दरवर्षीप्रमाणे हमरस्ता ओलांडून. आईच्या तळघरातल्याही निघाल्या, भेगेतून एकेक, तिने जिन्यावरून निरोप दिला. मी अंगात तुझ्या माणसाने विसरलेलं पिवळं जाकीट घालते, हातात 'थांबा'ची पाटी धरते. पाटी शाळेची आहे, शाळेला उन्हाळ्यात लागत नाही, आणि उन्हाळा कधी सुरू होतो हे मी शाळेला विचारलेलं नाही.

आज दुपारी कंपनीचा खडीचा ट्रक आला. भलाथोरला, त्यांच्या दुसऱ्या, उत्तरेच्या खाणीवरून. थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली आणि रस्त्याकडे पाहिलं. उन्हात सगळा डांबरी रस्ता हलत होता.

"किती वेळ लागेल, बाई?" त्याने विचारलं.

म्हटलं, सगळे पार होईपर्यंत.

"हजारो असतील की हो."

म्हटलं, आहेत. इंजिन बंद कर, त्यांना खालून हादरा बसतो.

त्याने बंद केलं.

थोरा